पडद्यावरून पटावर: व्हिडिओ गेमवरून केलेल्या बोर्ड गेमचे दाम वसूल होते का?

व्हिडिओ गेमवरून केलेला बोर्ड गेम बहुतेक वेळा मूळ गेमपेक्षा महाग असतो, आणि थोडाथोडका नव्हे. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीवरचा गेम एरिक बॅरोन या अमेरिकी माणसाने एकट्याने घडवला आणि तो २०१६ मध्ये बाजारात आला. भारतात संगणकासाठी तो सुमारे पाचशे रुपयांना मिळतो. त्याचा बोर्ड गेम २०२१ मध्ये आला, तो ५५ डॉलरला. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ही रक्कम ४,६७५ रुपये होते, म्हणजे मूळ गेमच्या नऊपटीहून अधिक. वाहतूक आणि कर त्यावर वेगळे. अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी लुडो-सापशिडीचा दुहेरी पट शे-दोनशे रुपयांत येतो आणि 'व्यापार'चा खोका त्याहून थोडे जास्त देऊन मिळतो. तिथे पाच-सात हजारांचा खेळ मागवायचा म्हणजे घरात प्रश्न विचारला जाणारच. त्याचे उत्तर सरसकट 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. खोक्यात काय आहे, नियम कसे बांधले आहेत आणि खेळायला किती माणसे किती वेळा बसणार आहेत, या तीन गोष्टींवर ते ठरते.

चाळीस वर्षांची परंपरा

पडद्यावरचा खेळ पुठ्ठ्यावर उतरवण्याचा उद्योग जुना आहे. 'पॅक-मॅन' हा जपानी गेम १९८० मध्ये आला आणि १९८२ च्या सुमारास अमेरिकेच्या मिल्टन ब्रॅडली कंपनीने त्याचा बोर्ड गेम विकायला काढला. त्यात प्रत्येक खेळाडूकडे प्लास्टिकचा एक पॅक-मॅन असे. तो पटावरच्या गोट्यांवरून सरकवला की गोट्या त्याच्या तोंडात जात. त्या काळी असे खेळ मुलांसाठी असत. गेमचे नाव खोक्यावर छापले की तो खपे, आत काय आहे याची फारशी चिकित्सा होत नसे.

मोठ्यांसाठीचे, नियमांनी भरलेले खेळ २००० नंतर आले. अमेरिकेच्या फँटसी फ्लाइट गेम्सने २००४ मध्ये 'डूम', २००५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आणि २००७ मध्ये 'स्टारक्राफ्ट' असे जाडजूड खोके काढले. पुढे किकस्टार्टर या संकेतस्थळामुळे ग्राहकाकडून आगाऊ पैसे घेऊन खेळ छापण्याची पद्धत रूढ झाली आणि गणितच बदलले. ब्रिटनच्या स्टीमफोर्ज्ड गेम्सने २०१६ मध्ये 'डार्क सोल्स'च्या बोर्ड गेमसाठी ५० हजार पौंडांची मागणी केली होती. प्रत्यक्षात ३१ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ३७ लाख पौंडांवर रक्कम जमा केली. व्हिडिओ गेमचे चाहते न पाहिलेल्या खोक्यासाठीही पैसे मोजतात, हे यातून उद्योगाला कळले. त्यानंतर 'रेसिडेंट इव्हिल २', 'ब्लडबोर्न', 'फ्रॉस्टपंक', 'एल्डन रिंग' अशी रांगच लागली.

महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण उलट्या दिशेचे आहे. विकास जयस्वाल यांच्या नवी मुंबईतल्या गेमशन कंपनीने २०१६ मध्ये 'लुडो किंग' आणला आणि घरातला पट मोबाइलमध्ये नेला. २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोचला. या दिशेने जाणे सोपे असते. फासा टाकणे, घरे मोजणे, सोंगटी मारली की परत पाठवणे, ही सगळी कामे मोबाइल स्वतःकडे घेतो आणि खेळाडूचे ओझे हलके होते. पडद्यावरून पटावर येताना नेमके हेच ओझे खेळाडूच्या अंगावर येते.

मोठ्या किमतीचा बोर्ड गेम देशात बनवून विकण्याचे प्रयोगही झाले आहेत. आनंद गांधी यांच्या मेमेसिस कल्चर लॅबने झैन मेमन यांनी रचलेला 'शासन' हा राजकारणावरचा खेळ २०१९ मध्ये किकस्टार्टरवरूनच लोकांपुढे ठेवला. तो कोणत्याही व्हिडिओ गेमवरून घेतलेला नाही, पण भारतीय खेळासाठीही असे दाम मोजणारा वर्ग आहे हे त्याने दाखवले.

खोक्याच्या किमतीत काय काय असते

व्हिडिओ गेम एकदा तयार झाला की त्याची पुढची प्रत काढायला जवळजवळ खर्च नाही. म्हणूनच तो भारतात स्वस्तात विकणे परवडते आणि सवलतीच्या दिवसांत किंमत आणखी खाली येते. बोर्ड गेमची मात्र प्रत्येक प्रत छापावी, कापावी, भरावी आणि वाहून न्यावी लागते.

जाड पुठ्ठ्याचा पट, शेकडो पत्ते, लाकडी ठोकळे, फासे आणि नियमपुस्तिका हा झाला मूळ खर्च. त्यावर सर्वांत मोठी भर पडते ती प्लास्टिकच्या छोट्या मूर्तींची. प्रत्येक मूर्तीसाठी पोलादी साचा करावा लागतो आणि एका साच्याला हजारो डॉलर पडतात. लाखभर प्रती निघाल्या तर तो खर्च विरतो. पाच-दहा हजार प्रतीच काढायच्या असतील तर तो थेट खोक्याच्या किमतीत चढतो. 'डार्क सोल्स' आणि 'ब्लडबोर्न' महाग असण्याचे मोठे कारण या मूर्ती आहेत. त्या देखण्या असतात, रंगवण्याची हौस असलेल्यांना त्यांचे मोल वेगळे वाटते. पण खेळाच्या दृष्टीने त्यांच्या जागी पुठ्ठ्याचे उभे तुकडे ठेवले तरी डाव तसाच चालतो.

दुसरी भर नावाची. मूळ गेमच्या मालकाला परवान्यापोटी विक्रीतला वाटा द्यावा लागतो. तिसरी भर साखळीची. प्रकाशक, वितरक आणि दुकानदार यांची नफ्याची टक्केवारी धरून छापील किंमत उत्पादनखर्चाच्या साधारण पाचपट ठेवण्याचा या धंद्यातला प्रघात आहे. चौथी भर वाहतुकीची. बहुतेक खोके चीनमध्ये बनतात. २०२१ मध्ये समुद्री कंटेनरचे दर भडकले तेव्हा अनेक प्रकाशकांचे अंदाज कोलमडले.

भारतात यावर आयात शुल्क आणि जीएसटी लागतो. कॅरम, बुद्धिबळ, लुडो आणि तत्सम बोर्ड गेमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही ग्राहकाच्या सोयीची गोष्ट. आयातीची बाजू मात्र कडक आहे. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचे आहे. बोर्ड गेमचे शुल्क-शीर्षक खेळण्यांहून वेगळे असल्याने माल कोणत्या शीर्षकाखाली आला यावर त्याचा भाव हलतो. एकाच खेळाची किंमत दोन विक्रेत्यांकडे बरीच वेगळी दिसते त्याला हेही एक कारण असते.

संगणकाचे काम कोणी करायचे?

किंमत रास्त की अवाजवी, याचा खरा निकाल नियमांच्या बांधणीत लागतो. व्हिडिओ गेममध्ये संगणक चार कामे करतो: हिशेब ठेवतो, शत्रू चालवतो, गुपित लपवतो आणि गोष्ट पुढे नेतो. पटावर ही कामे कोणाकडे सोपवली आहेत, ते पाहिले की खेळाची प्रत कळते.

'डूम'मध्ये ही जबाबदारी एका खेळाडूवर टाकली होती. एक जण राक्षसांच्या बाजूने खेळतो आणि बाकीचे सैनिक होतात. हा मार्ग सोपा आहे, पण एकट्याने किंवा सगळ्यांनी एकाच बाजूने खेळायचे असेल तर उपयोगाचा नाही.

२०१५ च्या 'एक्सकॉम' या बोर्ड गेममध्ये मोबाइल किंवा संगणकावरचे अॅप खेळ चालवते. शत्रू कधी येणार ते अॅप सांगते आणि घड्याळ लावून खेळाडूंना घाई करते. रंगत येते, पण अॅपशिवाय तो खोका निरुपयोगी ठरतो. अॅपचा भरवसा किती धरावा, याचा अनुभव भारतातल्या मुलांना आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली आणि त्याचा भारतीय अवतार अँड्रॉइडवर अधिकृतपणे यायला २ जुलै २०२१ उजाडले. ज्या बोर्ड गेमला अॅप लागते, त्याच्या किमतीत ही जोखीम धरायला हवी.

'धिस वॉर ऑफ माइन' हा वेढलेल्या शहरातल्या सामान्य माणसांचा गेम. त्याच्या बोर्ड गेममध्ये गोष्ट सांगण्याचे काम एका जाड पुस्तकाकडे आहे. प्रसंग आला की क्रमांक पाहायचा, तो परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि निर्णय घ्यायचा. असे परिच्छेद शेकड्यांनी आहेत, त्यामुळे बरेच डाव होईपर्यंत तोचतोपणा येत नाही. अट एकच, टेबलाभोवती इंग्रजी सराईतपणे वाचणारा कोणीतरी हवा.

'स्ले द स्पायर'चे रूपांतर यांत सर्वांत नेटके म्हणता येईल. मूळ गेम मेगा क्रिट या अमेरिकी कंपनीचा. तो २०१९ मध्ये पूर्ण झाला. बोर्ड गेम कंटेन्शन गेम्सचा, त्याची निधी-मोहीम २०२२ मध्ये झाली आणि २०२४ मध्ये खोके लोकांच्या हाती आले. मूळ गेम पत्त्यांचाच असल्याने अर्धे काम आधीच झालेले होते. उरलेल्या अर्ध्यात रचनाकाराचे कसब दिसते. पडद्यावर साध्या वाराच्या पत्त्याने शत्रूचे ६ गुण कमी होतात. पटावर तोच पत्ता १ गुण कमी करतो आणि शत्रूची ताकदही त्याच मापाने घटवलेली आहे. त्यामुळे कागद-पेन्सिल न घेता बेरीज-वजाबाकी तोंडी होते. पडद्यावर पत्ता सुधारला की संगणक त्याचे आकडे बदलतो. इथे प्रत्येक पत्ता मागून अपारदर्शक असलेल्या प्लास्टिकच्या वेष्टनात येतो आणि त्याच्या पाठीवर सुधारलेली आवृत्ती छापलेली असते. पत्ता बाहेर काढायचा, उलटा करायचा आणि पुन्हा वेष्टनात सरकवायचा, काम झाले. शत्रू काय करणार ते एका फाशावरून ठरते. खोका स्वस्त नाही, पण पैसे पुतळ्यांवर गेले नसून पत्त्यांवर आणि विचारावर गेले आहेत. शिवाय चौघांनी मिळून खेळण्याची सोय पटावर आहे; मूळ गेम एकट्याचा होता.

'डार्क सोल्स' हे दुसऱ्या टोकाचे उदाहरण. मूळ गेममध्ये माणूस मरतो, शेकोटीपाशी पुन्हा उभा राहतो आणि त्याच वाटेवरचे तेच शत्रू पुन्हा मारत पुढे जातो. हातात कंट्रोलर असताना ही पुनरावृत्ती चालते, कारण प्रत्येक वेळी हात सरावतो आणि चाल जलद होते. बोर्ड गेमने हाच नियम जसाच्या तसा घेतला. पटावर मात्र शत्रू पुन्हा मांडायचे, पत्ते पुन्हा लावायचे आणि फासे पुन्हा टाकायचे, यात वेळ जातो आणि हाताचे कौशल्य वाढत नाही. अनेक खेळाडूंनी घरचे नियम करून हा भाग छाटला. २०२२ मध्ये प्रकाशकानेही सुधारित नियमांसह नवे संच काढले. मूळ गेमशी अक्षरशः प्रामाणिक राहिल्याने रूपांतर चांगले होतेच असे नाही, हा यातला धडा आहे.

'स्टारड्यू व्हॅली' या दोहोंच्या मध्ये पडतो. मूळ गेममध्ये शेतकऱ्याला घाई नाही. पेरावे, पाणी द्यावे, मासे धरावेत, गावकऱ्यांशी ओळख वाढवावी. वर्षामागून वर्षे गेली तरी चालतात. बोर्ड गेममध्ये चार ऋतूंचे एकच वर्ष मिळते आणि ऋतूंच्या पत्त्यांची गड्डी संपली की डाव संपतो. तेवढ्यात आजोबांनी घालून दिलेली उद्दिष्टे आणि गावच्या समाजमंदिराच्या मागण्या सर्वांनी मिळून पुऱ्या करायच्या असतात. निवांत खेळाची शर्यत झाली, आणि फासे व सोंगट्यांचे नशीबही मध्ये येते. मृगाची पेरणी ठरल्या दिवसांत उरकण्याची सवय असलेल्या वऱ्हाडी घराला ही घाई कदाचित मूळ गेमपेक्षा जवळची वाटेल. एका खेळाडूमागे साधारण पाऊण तास धरला आहे, म्हणजे चौघे बसले तर तीन तास.

माणशी तासाचा हिशेब

खेळाची किंमत छापील आकड्यावरून जोखणे फसवे असते. माणशी तासाला किती पडले, हे माप जास्त उपयोगी. समजा, एक खेळ घरपोच ७,००० रुपयांना पडला. चौघे जण अडीच तास बसले की एका बैठकीत १० माणशी तास होतात. अशा पाच बैठका झाल्या तर ५० तास, म्हणजे तासाला १४० रुपये. वीस बैठका झाल्या तर ३५ रुपये आणि चाळीस झाल्या तर साडेसतरा. दीडशे रुपयांच्या तिकिटात अडीच तासांचा सिनेमा पाहिला तर तासाला ६० रुपये पडतात. म्हणजे या खेळाच्या बारा बैठका झाल्या की तो सिनेमाच्या भावाला येतो. पाचशे रुपयांचा व्हिडिओ गेम एकाने शंभर तास खेळला तर तासाला ५ रुपयेच होतात. या एका मापावर बोर्ड गेम मूळ गेमला सहसा हरवू शकत नाही. त्याची तुलना चार माणसे एकत्र बसण्याच्या दुसऱ्या साधनांशी करायला हवी.

या हिशेबात आणखी दोन बाबी धराव्यात. पहिली, मांडणीचा वेळ. काही मोठे खेळ मांडायला आणि आवरायला तासभर जातो. तो वेळ खेळाचा नव्हे. दुसरी, पुनर्विक्री. जपून वापरलेला, एकही तुकडा न हरवलेला खेळ हौशी गटांत विकता येतो. ७,००० चा खेळ पुढे ४,००० ला गेला तर खरा खर्च ३,००० राहतो. व्हिडिओ गेमची संगणकावर उतरवलेली प्रत अशी विकता येत नाही.

तेल्हाऱ्यात हा खेळ आला तर

तेल्हारा हा अकोला जिल्ह्याच्या उत्तरेचा, सातपुड्याच्या पायथ्याचा तालुका. कपाशी हे इथले जुने नगदी पीक. पेरणी-निंदणाचे दिवस आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी वेचणी यांत कोणाला सवड नसते. खेळाला खरा वेळ मिळतो तो उन्हाळ्यात, दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही तेव्हा. त्यामुळे वर्षभर दर आठवड्याला बैठक होईल असे गृहीत धरून खर्च केला तर गणित चुकते. एप्रिल-मे आणि सणांचे दिवस एवढेच धरून बारा बैठका होतात का, ते पाहावे. वीज गेली तरी डाव थांबत नाही, ही भारनियमन सोसलेल्या भागात मोठी जमेची बाजू. उलट कूलरसमोर बसले की हलके पत्ते आणि कागदी तुकडे उडतात, आणि पावसाळी दमटपणात पुठ्ठ्याचा पट वाकडा होतो. खोका कोरड्या कपाटात आडवा ठेवावा आणि डाव सतरंजीवर, वाऱ्याच्या झोतापासून दूर मांडावा.

भाषेचा मुद्दा याहून मोठा. जवळजवळ सगळे असे खेळ इंग्रजीत आहेत. 'स्ले द स्पायर'च्या पत्त्यांवर मजकूर थोडका आहे, चिन्हे समजली की निभते. 'धिस वॉर ऑफ माइन'मध्ये मात्र भाषा हाच खेळ आहे. ज्या घरात एकालाच इंग्रजी सवयीचे आहे तिथे तो एकटा वाचत राहतो आणि बाकीचे कंटाळतात. बहुतेक प्रकाशक नियमपुस्तिका आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवतात. ती आधी उतरवून वाचावी आणि पूर्ण डावाचे एखादे चित्रीकरण पाहावे. एवढे करूनही नियम डोक्यात शिरले नाहीत, तर खोका आल्यावरही ते शिरण्याची शक्यता कमीच.

एकट्याने सगळा भार उचलण्यापेक्षा वर्गणी हा तालुक्याच्या गावी जास्त शहाणा मार्ग. सहा जणांनी मिळून ७,००० चा खेळ घेतला तर प्रत्येकी सुमारे १,१६७ रुपये पडतात आणि खेळाडूंची जमवाजमवही आपोआप होते. शाळेच्या किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटात तो ठेवता आला तर बैठकांची संख्या वाढते आणि माणशी तासाचा दर झपाट्याने उतरतो. अट एवढीच, की परत येताना तुकडे मोजून घेणारा कोणीतरी हवा.

दाम कोणत्या खेळाचे वसूल होते

वरच्या सगळ्यावरून निवडीची कसोटी बांधता येते. मूळ गेमच पत्त्यांचा, आळीपाळीच्या चालींचा किंवा योजना आखण्याचा असेल तर रूपांतर बहुधा जमते. मूळ गेमची मजा डोळ्यांच्या वेगात आणि बोटांच्या चपळाईत असेल तर पटावर ती उतरत नाही आणि खोक्यात नावापलीकडे फार काही उरत नाही. किमतीचा मोठा वाटा मूर्तींचा असेल तर त्या रंगवण्याची किंवा मांडून ठेवण्याची हौस असणाऱ्यानेच तो द्यावा. अॅपवर चालणारा खेळ स्वस्त मिळाला तरच घ्यावा. एकट्यानेच खेळायचे असेल तर मूळ व्हिडिओ गेम बहुतेक वेळा जास्त स्वस्त आणि जास्त सोयीचा पडतो. चार माणसे ठरलेली असतील, त्यांतल्या एकाने नियम आधी वाचले असतील आणि वर्षात बारा-पंधरा बैठका सहज होणार असतील, तर पाच-सात हजारांचा नेटका बोर्ड गेम आपले दाम वसूल करून देतो. बैठका तीन-चारवरच थांबणार असतील तर तेवढ्याच गमतीला शे-दोनशे रुपयांचा लुडोचा पट पुरेसा आहे.